हसवणारे पुस्तक कसे होते

मुरबाडहून टोकावड्याकडे जाणाऱ्या एस.टी.त माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांची गाठ पडली. गृहस्थ शेतकरी. चार खाचरे भाताची आणि दारात दहाबारा शेळ्या. नमस्कार-चमत्कार झाल्यावर ते थोडे थांबून म्हणाले, "सर, पोरगी बोकडांची चितरं काढत बसते. म्हणते, लहान पोरांना हसवायची पुस्तकं करणार. लिहिणार पण आपण आणि चितरं पण आपणच. ह्याच्यात पोट भरंल का?"

गाडी सरळगावला थांबेपर्यंत मी काहीबाही बोललो. कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाला काहीबाही बोलण्याची सवय असतेच. पण प्रश्नाला उत्तर काही मी दिले नाही. खरे म्हणजे त्यात दोन प्रश्न होते. असली पुस्तके करायची विद्या ही विद्या आहे का, हा पहिला; आणि ती विद्या अंगी असली तर घर चालते का, हा दुसरा. वडिलांनी दुसरा तेवढा विचारला. मला आधी पहिल्याकडे जावे लागेल, कारण त्यात मी स्वतः एकदा सपशेल आपटलेलो आहे.

काही वर्षांमागे मी मुलांसाठी एक गोष्ट लिहिली. तीत एक ससा होता. तो जंगलातल्या प्राण्यांना स्वच्छतेवर व्याख्यान देई. मला ती फार विनोदी वाटत होती. शहापूर तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत मी ती वाचून दाखवायला गेलो. दुसरी-तिसरीची तीसएक मुले समोर मांडी घालून बसली होती. दोन ठिकाणी मी स्वतः हसलो, आणि मुलांनी माझ्याकडे पाहुण्याकडे पाहावे तसे आदराने पाहिले. गोष्ट संपली. मी वही टेबलावर ठेवली. तेवढ्यात उघड्या दारातून एक कोंबडी आत आली, टेबलावर चढली आणि माझ्या वहीवरून एक एक पाऊल टाकीत, मान पुढेमागे करीत पलीकडे गेली. मी गुरुजींशी बोलत होतो, मला पत्ता नव्हता. मुलांची मात्र हसून मुरकुंडी वळली. एका मुलाला तर बाहेर जाऊन पाणी पिऊन यावे लागले.

कोंबडीला जे जमले ते मला जमले नाही. का जमले नाही याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. मला वाटते, कोंबडीच्या त्या अर्ध्या मिनिटात या विद्येची निम्मी तत्त्वे आली. एक तर आपण काही गमतीचे करतो आहोत हे कोंबडीच्या गावीही नव्हते. ती आपल्या कामाने चालली होती. माझा ससा मात्र पहिल्या वाक्यापासून 'पाहा, मी कसा विनोदी' असे सांगत उभा होता. दुसरे, वर्गात जो सगळ्यांत शहाणा समजला जातो, त्याला काय चालले आहे ते कळत नव्हते आणि मुलांना कळत होते. लहान मूल दिवसभर मोठ्यांपेक्षा कमी जाणते. त्याला जोडे उलटे घातलेस म्हणून सांगतात, नाक पूस म्हणून सांगतात. मोठ्या माणसाला जे दिसत नाही ते आपल्याला दिसते आहे, हा क्षण त्याच्या वाट्याला फार क्वचित येतो. तो आला की ते हसते. त्या हसण्यात कुचेष्टा नसते, सुटका असते.

आता हे पुस्तकात कसे आणायचे? इथे चित्राचे काम सुरू होते. नुसत्या शब्दांनी हे साधायला चि. वि. जोशी लागतात. त्यांचे चिमणराव स्वतःविषयी मोठ्या गांभीर्याने सांगत राहतात आणि वाचणाऱ्याला त्यांची फजिती दिसत राहते. पण ते ओळखायला वाचणारा तयार झालेला हवा. सहा वर्षांच्या मुलासाठी मात्र एक फार सोपी युक्ती आहे. शब्दांनी एक सांगावे आणि चित्राने दुसरेच दाखवावे. शब्द हे मोठ्या माणसाचे, चित्र हे मुलाचे. ज्याला वाचता येत नाही तो इथे वाचणाऱ्याच्या पुढे असतो.

माझ्या विद्यार्थिनीची गोष्ट सांगतो म्हणजे ध्यानात येईल. एका आजोबांचा हौशा नावाचा बोकड. आजोबा त्याला विकायला म्हशाच्या जत्रेला निघाले आहेत. म्हशाची जत्रा म्हणजे आमच्या मुरबाड तालुक्यातली पौषातली मोठी जत्रा, गुराढोरांच्या बाजारासाठी नावाजलेली. वाटेत जो भेटेल त्याला आजोबा सांगतात की आमचा हौशा मोठा गुणी, कुणाच्या वस्तूला कधी तोंड लावायचा नाही. आणि चित्रात? चित्रात हौशा मागून आजोबांच्या मुंडाशाचे टोक खातो आहे. पुढच्या पानावर दुसरा वाटसरू, आजोबांची तीच बढाई, मुंडासे हातभर कमी. असे होत होत आजोबा जत्रेत पोचतात तेव्हा डोके उघडे, आणि हौशाच्या तोंडातून चार बोटे लाल कापड लोंबते आहे. गिऱ्हाईक कापडाकडे पाहते, आजोबांच्या डोक्याकडे पाहते आणि निघून जाते. बोकड घरी परत येतो. सबंध गोष्टीत मुंडाशाबद्दल एक अक्षर नाही.

पहिल्या खर्ड्यात मात्र ते होते. 'हौशाने हळूच मुंडाशाचे टोक तोंडात धरले' असे वाक्य तिने लिहिले होते. मी म्हटले, हे वाक्य काढ. ती म्हणाली, "सर, मग कळणार कसं?" हा प्रश्न प्रत्येक नवा लेखक विचारतो. आपण भाषेची माणसे. आपल्याला सांगितल्याशिवाय राहवत नाही. पण जे चित्रात दिसते ते शब्दांनी सांगितले की मुलाच्या हातून शोध हिसकावून घेतल्यासारखे होते. जो लिहितो आणि चित्रही काढतो त्याला एक मोठी सोय असते. त्याला शब्दांचा मोह आवरता येतो, कारण राहिलेले काम आपलाच दुसरा हात करणार आहे हे त्याला ठाऊक असते. लेखक एक आणि चित्रकार दुसरा असला की बहुधा दोघेही तेच सांगत बसतात. शब्द म्हणतात 'बोकड झाडाखाली उभा होता' आणि चित्रात झाड, खाली बोकड. असली पुस्तके आपल्याकडे ढिगाने आहेत.

यानंतरची गोष्ट छापखान्याची. ती रुक्ष वाटेल, पण विनोदाचा जीव तिच्यात अडकलेला असतो. कागदाचा मोठा ताव दोन्ही बाजूंनी छापून तीन घड्या घातल्या की सोळा पाने होतात. छापखान्यात याला फर्मा म्हणतात. मुलांची चित्रांची पुस्तके सोळा, चोवीस, बत्तीस पानांची असतात ती लेखकाच्या लहरीने नव्हे, या घड्यांमुळे. चोवीस पानी म्हणजे दीड फर्मा. विषम आकड्याचे पान नेहमी उजवीकडे येते, आणि ते उलटले की काय दिसणार हे मुलाला माहीत नसते. सबंध पुस्तकात एवढी एकच जागा अशी आहे की जिथे मूल श्वास धरून थांबते. तेव्हा आजोबांचे उघडे डोके कुठे दाखवायचे? तिने ते नवव्या पानावर काढले होते आणि त्याआधीची बढाई आठव्यावर. दोन्ही पाने एकदम समोर येतात. मुलाची नजर आधी चित्रावर जाते, आणि बढाई ऐकण्यापूर्वीच गंमत फुटते. मी म्हटले, उघडे डोके दहाव्या पानावर ने. नवव्यावर आजोबांना नुसते डोके खाजवायला हात वर नेताना दाखव. मग पान उलटू दे.

यासाठी पुस्तक करण्याआधी कच्चे पुस्तक करायचे असते. व्यवसायातले लोक त्याला डमी म्हणतात. जुन्या कागदांच्या घड्या घालून, मधे दोन टाके मारून वही करावी, पेन्सिलीने रेघोट्या ओढाव्यात, आणि ती मुलांच्या हातात द्यावी. आपण वाचून दाखवू नये. मूल कुठे थांबते, कुठे पान मागे उलटते, कुठे शेजारच्याला कोपराने ढोसते, एवढे मुकाट्याने पाहावे. मी हे आधी केले असते तर माझा ससा वहीतच राहिला असता.

आता चित्राविषयी. गमतीचे चित्र म्हणजे वेडेवाकडे चित्र, असा एक समज आहे. एडवर्ड लिअर या इंग्रज माणसाचे उदाहरण इथे घेण्यासारखे आहे. मुलांसाठी निरर्थक गमतीच्या कविता लिहून त्यांना स्वतःच चित्रे काढणारा हा बहुधा जगातला सर्वांत प्रसिद्ध मनुष्य. त्याचे 'बुक ऑफ नॉन्सेन्स' 1846 मध्ये निघाले. पण त्याआधी विशीत असतानाच त्याने पोपटांच्या चित्रांचा एक मोठा ग्रंथ केला होता. पोपट समोर बसवून, पिसान् पीस पाहून काढलेली चित्रे. पुढे एका उमरावाच्या खाजगी प्राणिसंग्रहातले प्राणी रंगवायला तो राहिला आणि तिथल्या मुलांना हसवता हसवता त्याच्या त्या कविता झाल्या. तात्पर्य, आधी पोपट बरोबर काढता आला आणि मग माणसाचे नाक फूटभर लांब करण्याचा अधिकार मिळाला.

हा लिअर 1873 च्या नोव्हेंबरात मुंबईस उतरला आणि वर्षाहून अधिक काळ हिंदुस्थान हिंडला. आगगाडीने मुंबईहून उत्तरेस जायचे तर त्या काळी कसाऱ्याचा थळ घाट चढावा लागे. तेव्हा गृहस्थ आमच्या आटगाव-खर्डीवरून गेलेला असणार, आणि खिडकीतून त्याने माहुलीचे सुळके पाहिले असणार, असे मी आपले मनाशी धरून चाललो आहे. 1874 मध्ये मुंबईच्या वर्तमानपत्रात त्याची एक कविता छापून आली. 'कमरबंद' तिचे नाव. तीत धोबी, पंखा, चपराशी हे घरगुती शब्द त्याने भलत्याच वस्तूंना लावून दिले आहेत. कमरबंद हा तर माणूस गिळणारा राक्षसच. इंग्रज मुलांना त्या शब्दांचा नुसता नाद ऐकू येतो. आपल्याला मात्र आणखी मौज वाटते, कारण धोबी कोण हे आपल्याला माहीत असते. निरर्थकालाही नियम असतो तो असा. शब्द भलते असोत, त्यांचे व्याकरण आणि ताल चोख हवा. मराठीत हे विंदा करंदीकरांनी करून दाखवले. 'राणीची बाग' 1961 चे, 'एटू लोकांचा देश' 1963 चा. विंदा पेशाने आमच्याच जातीचे, कॉलेजातले अध्यापक. त्यांच्याकडे पाहून मला अधूनमधून धीर येतो, आणि बहुतेक वेळा जातो.

चित्रकलेचे शिक्षण कुठे घ्यावे, असे मुले विचारतात. शाळेत असतानाच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा द्याव्यात, हात वळतो. पुढे मुंबईला 1857 पासूनचे जे. जे. स्कूल आहे. आसनगावची किंवा कसाऱ्याची पोरे लोकलने जाऊन पायी पोचू शकतात. मुरबाडकराला आधी कल्याण गाठावे लागते. आपल्या हास्यचित्रांत एक शब्द न वापरता माणसांना हसवणारे शि. द. फडणीस तिथलेच. 1925 चा जन्म, बेळगावकडचे भोज हे गाव. त्यांनी पाठ्यपुस्तकातल्या गणितालासुद्धा हसरी चित्रे काढली. गणिताच्या पुस्तकात मूल हसू शकते हे ज्याला सुचले त्याचे आपल्यावर उपकार आहेत. पण लिहिणे आणि काढणे हे दोन्ही एका हाताने करणारे आज मराठीत कोण, असे विचाराल तर मी माधुरी पुरंदरे यांचे नाव घेईन. त्या जे. जे.त शिकल्या, पॅरिसला जाऊन आल्या, फ्रेंच शिकवले, नाटकांतून काम केले. त्यांचे 'राधाचं घर' किंवा यशच्या गोष्टी घ्या. त्यांत ससे व्याख्यान देत नाहीत. घर, आजी, शेजारी, शाळा, एवढेच असते. हसू येते ते माणसे जशी असतात तशी पाहिल्याने. 2014 चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला. तीन वर्षांनी, 2017 मध्ये, तो ल. म. कडू यांच्या 'खारीच्या वाटा'ला मिळाला. कडूही चित्रकारच. धरणाखाली जाणाऱ्या गावातल्या मुलाची ती गोष्ट आहे. तानसा, वैतरणा, भातसा यांच्या काठच्या शहापूरकरांना ती कुणी समजावून सांगायला नको.

इथे मला जरा जिवाला लागणारी गोष्ट बोलायची आहे. आमच्या भागातल्या कातकरी वाड्यांवरची पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. भिवंडीकडे, कल्याणकडे. मुलेही जातात. पावसाच्या तोंडावर ती परत येतात तेव्हा अक्षरे निम्मी विसरलेली असतात, आणि पुस्तक पुढे केले की ती मागे सरकतात. या मुलांना पुस्तकाने आजवर काय दिले? चुकीची जाणीव. 'असे नाही, असे म्हण.' त्यांच्या घरची बोली पुस्तकात कधी येत नाही. आली तर अडाणी माणसाच्या तोंडी, हसण्यासाठी. हा विनोद मी त्याज्य समजतो. मुलाच्या बोलीला हसायचे नाही, मुलाच्या बोलीत हसायचे. तारा एकविसावी की बाविसावी असे शब्दांचे गणित करून लिहिलेली पुस्तके त्यांना उचलून धरणार नाहीत. ज्याचे चित्र अक्षरांवाचून हसवते असे पुस्तक मात्र धरील, कारण त्यात नापास व्हायची सोय नाही. आणि एकदा हसले की काय लिहिले आहे हे मूल आपणहून विचारते. मी हे एका वाडीवर हौशाच्या कच्च्या वहीवर पाहिले. चार महिने शाळा बुडालेला एक मुलगा मुंडाशाच्या पानापाशी थांबला आणि आजोबांच्या तोंडासमोरच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "म्हातारा काय बोलतो?"

ही कल्पना नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडला काम केले, तेव्हा गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली. ते भाग तेव्हा आमच्या ठाणे जिल्ह्यात होते. 2014 पासून पालघर जिल्ह्यात आहेत. शाळा कुरणात गेली. पुस्तक अजून पुरते गेलेले नाही.

आता वडिलांचा प्रश्न. पोट भरेल का? खरे सांगायचे तर नुसत्या मुलांच्या पुस्तकांवर मराठीत फार थोड्यांचे भरले. रंगीत छपाई महाग. प्रती थोड्या काढल्या तर एकेका प्रतीचा खर्च वाढतो, आणि किंमत वाढवली तर पालक पुस्तक खाली ठेवतात. प्रकाशक एकदाच ठराविक रक्कम देतो किंवा खपावर टक्के देतो. लिहिणारा आणि काढणारा एकच असला तर त्यात वाटेकरी नाही, एवढा फायदा. म्हणून या वाटेने गेलेल्यांनी बहुधा दुसरा एक आधार धरलेला दिसतो. चि. वि. जोशी बडोद्याला पाली शिकवीत. वसंत सरवटे हे व्यंगचित्रकार इंजिनिअर होते, सिमेंट कंपनीत नोकरीला. लिअरसुद्धा निसर्गचित्रे विकून आणि चित्रकलेच्या शिकवण्या करून जगला. व्हिक्टोरिया राणी ही त्याची एक विद्यार्थिनी. व्यंगचित्रकार शंकर यांनी 1957 मध्ये दिल्लीला मुलांच्या पुस्तकांची संस्थाच काढली, पण तोपर्यंत त्यांचे साप्ताहिक नावारूपाला आले होते.

याला दुसरी बाजू आहे. चित्रे काढणाऱ्याला आज कामे पूर्वीपेक्षा जास्त आहेत. 1971 पासून चालू असलेला 'किशोर' आहे, पाठ्यपुस्तके आहेत, शिक्षणाचे काम करणाऱ्या संस्थांना तक्ते, कार्डे, छोटी पुस्तके लागतात. चित्रकलेच्या शिक्षकाची पदविका घेतली तर शाळेचा आधार मिळू शकतो. शिकण्याचा खर्चही थोडा उतरला आहे. 'किशोर'चे जुने अंक मोबाइलवर फुकट पाहायला मिळतात, आणि 'प्रथम बुक्स'ने 2015 मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर'वर अनेक भाषांतली चित्रांची पुस्तके मोफत आहेत. मुलीला मी सांगितले, रोज एक पुस्तक उघड, शब्द झाकून वाच, मग चित्र झाकून वाच. दोन्ही वेळा पुरी गोष्ट कळली तर ते पुस्तक बाजूला ठेव.

हे सगळे मी तिच्या वडिलांना सांगायला भाताची झोडणी संपल्यावर त्यांच्या घरी गेलो. ते ओटीवर बसले होते. नोकरीचे, पदविकेचे, टक्क्यांचे मी यथास्थित सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "बघू तरी काय काढलंय." ते शाळेत गेलेले नाहीत. मुलीने वही दिली. पहिली चार पाने त्यांनी हिशोबाची वही पाहावी तशी पाहिली. सहाव्या पानावर मिशीखाली काही हलले. नवव्यावर त्यांनी पान उलटायच्या आधी मुलीकडे एकदा पाहिले, उलटले, आणि इतके मोठ्याने हसले की आतून त्यांची म्हातारी आई काय झाले म्हणून बाहेर आली. तिला वही दाखवून झाली. मग त्यांनी ती पुन्हा पहिल्या पानापासून पाहिली, आणि या वेळी त्यांचे तोंड गंभीर झाले.

"दावं चुकलं," ते म्हणाले. "गळ्यात असं नाही बांधीत. असं बांधलं तर बोकडानं हिसका दिला की फास बसंल त्याला."

खिशातून सुतळीचा तुकडा काढून त्यांनी ओटीच्या खांबाला गाठ मारून दाखवली, सोडली, पुन्हा मारली. मुलगी शेजारी बसून ती गाठ काढीत होती. हौशाच्या गळ्यातले दावे बारा पानांवर दिसते. ती बाराही पाने तिने पुन्हा काढायला घेतली आहेत.